उत्तरेकडे मुंग्या

नव्वद सालच्या जूनमध्ये शाळेत टीव्ही आला, तेव्हा एकटे कमलाकर सर नाराज झाले. ते सहावीला भूगोल शिकवत. मागच्या तपासणीत साहेबांनी "उत्तर दिशा कुठे?" असं विचारल्यावर अख्ख्या वर्गाने एकमताने पंख्याकडे बोट दाखवलं होतं. नकाशात उत्तर वरच असते, त्यामुळे मुलांचं तसं काही चुकलं नव्हतं. पण साहेबांनी आधी पंख्याकडे पाहिलं, मग सरांकडे. मुख्याध्यापिका आशालताबाईंनी तेव्हाच ठरवून टाकलं, की यंदाही पंखा दिसला तर भूगोल दुसऱ्या कुणाकडे आणि सरांकडे कार्यानुभव. म्हणजे निवृत्तीपर्यंत क्रेप कागदाची फुलं.

त्यात टीव्हीवरचा शालेय कार्यक्रम नेमका भूगोलाच्या तासाला लागे.

"बाई, तपासणी तोंडावर आलीय. मुलांना दिशा..."

"दिशा काय पळून जातात का, सर? आज पचनसंस्था आहे. लावा."

सरांनी टीव्ही लावला. पडद्यावर नुसत्या मुंग्या. अँटेना उरणकडे तोंड करून उभा होता, आणि चित्र यायचं मुंबईहून. विचुंब्याहून येणारी वर्गातली भामा गच्चीवर गेली. सर खिडकीतून ओरडले, "जरा उत्तरेला घे!"

भामाने अँटेनाचा बांबू उपटून दोन्ही हातांनी डोक्यावर धरला.

"अगं, वर नाही. उत्तरेला."

"वरच धरलाय नं, सर. आजून किती वर जानार?"

सरांनी कपाळाला हात लावला. "तळोज्याकडे ने."

"आसं सांगा नं. तलोज्याला मामा हाय माजा."

तळोज्याकडे मुंग्या वाढल्या. कर्नाळ्याकडे नेल्यावर नुसता आवाज आला. माथेरानकडे दोन्ही गेलं. शेवटी मुंबईकडे कुणाचं तरी जठर क्षणभर दिसलं, तेवढ्यात वाऱ्याने बांबू फिरला आणि तास संपला.

मग रोज हेच. गच्चीवर जायला मुलांची रांग लागे. सर हट्टाने आधी दिशा सांगत, मग गाव. पुढे पुढे गाव सांगायची गरज उरली नाही. खिडकीतली मुलंच ओरडू लागली, "दक्षिणेला! आता जास्त झालं, पश्चिमेला!" पडद्यावर काय चाललंय, याची चौकशी कुणीच करत नव्हतं. सरांनी घरी बायकोकडून गुलाबाच्या पाकळ्या वळायला शिकून घेतलं.

तपासणीला तेच साहेब आले आणि त्यांनी तेच विचारलं. "उत्तर कुठे?"

सरांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा सगळी बोटं तळोज्याकडे होती.

"दक्षिण?"

"कर्नाला," भामा म्हणाली. "तिकडं नुसता आवाज येतो."

"आणि पश्चिम?"

"मुंबई. तिकडं चित्र हाय."

साहेब खूश झाले. "हे कशाने शिकलीस, बाळ?"

"टीव्हीनं."

आशालताबाईंनी पदर सावरला.

"वा," साहेब म्हणाले. "मग पचनसंस्थाही पाहिली असेल. जठर कुठे असतं?"

भामाने नीट विचार केला.

"पश्चिमेला, साहेब. पन वारा नसला तरच."

साहेबांनी शेऱ्यात टीव्हीची भरपूर स्तुती केली आणि जाताना अँटेना सिमेंटमध्ये पक्का बसवून घ्यायला सांगितलं. तो बसला. चित्र इतकं स्वच्छ येऊ लागलं, की पहिल्याच दिवशी रक्ताभिसरण चालू असताना निम्मा वर्ग झोपला. उरलेल्या निम्म्यावर लक्ष ठेवता ठेवता सरही झोपले.

पुढच्या जूनमध्ये नवी सहावी आली. सरांनी उत्तर विचारली. वर्गाने पंखा दाखवला.

मधल्या सुट्टीत सरांनी कार्यानुभवाच्या कपाटातून छिन्नी-हातोडा काढला आणि गच्चीकडे निघाले. जिन्यातच आशालताबाई भेटल्या.

"हे काय, सर?"

"भूगोलाची शैक्षणिक साधनं, बाई," सर म्हणाले आणि वर गेले.