काढा पास झाला

हिवतापावर माझ्या काढ्यासारखं औषध पृथ्वीच्या पाठीवर नाही, असं मी छाती ठोकून सांगत असे. टेकडीमागच्या जंगलातलं एक कडू झाड, त्याची साल आणि माझी नजर. साल मी आणायची, काढा आमच्या हिने उकळायचा आणि पेले भरून द्यायचे. थडथड उडत आलेला माणूस काही दिवस काढा प्यायचा आणि मग थेट कामावर दिसायचा. मी मिशीवरून हात फिरवायचो.

आमची लेक प्रयोगशाळेत आहे. झाडपाल्यातून हिवतापाचं नवं औषध मिळतं का, हे शोधणं तिचं काम. बशीत माणसाचं रक्त घ्यायचं, त्यात हिवतापाचे जंतू वाढवायचे आणि वरून एकेक अर्क घालून जंतू मरतात का ते बघायचं. कितीतरी पाले घालून झाले, जंतू आपले मजेत.

"माझा काढा घाल की," मी म्हणालो. "बापाची लाज वाटते का?"

"लाज नाही बाबा, भीती वाटते. नापास झाला तर तुम्ही माझ्याशी बोलणं टाकाल."

"नापास झाला तर यापुढे कुणाला थेंबभर काढा पाजणार नाही. दिला शब्द!"

हे मी दारात उभा राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोललो. हिने उकळलेल्या काढ्याची बाटली भरून दिली आणि लेक ती घेऊन गेली.

आठवड्याने तिचा फोन आला. आवाज चिरका.

"बाबा, जंतू मेले."

"मरणारच."

"सगळे मेले हो. आमच्या प्रमुख बाईंनी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. तुम्ही आधी इकडे या."

गेलो. पांढऱ्या डगल्यातली माणसं माझ्याकडे नव्या जावयाकडे बघावं तशी बघत होती. लेकीच्या प्रमुख बाईंनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उभ्याच राहिल्या.

"काका, तुमचा काढा यंत्रात घालून तपासला. त्यात क्लोरोक्विन आहे. हिवतापाच्या गोळीत असतं ते."

"असेल," मी मोठ्या मनाने म्हणालो. "जंगलात काय नसतं?"

"क्लोरोक्विन नसतं. ते कारखान्यात करतात. आजवर एकाही झाडात सापडलेलं नाही."

"मग कारखानेवाल्यांनी माझ्या झाडाची नक्कल केली असेल."

कुणीही हसलं नाही. बाई तर मटकन खाली बसल्या. कारण दुसरं कारण त्यांनाही सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या दारात गाडी उभी. बाई, लेक, झाडावर चढायला दोन माणसं, दोरखंड, करवत. गल्ली लोटली. बाई सांगत होत्या, "असं झाड जगात एकच असू शकतं. त्याला कुंपण लागेल, पहारा लागेल." मी पुढे होऊन वाट दाखवणार, तोच ही हात पुसत बाहेर आली.

"एवढी मंडळी निघालीत कुठे?"

"आई, बाबांच्या झाडात गोळीचं औषध निघालंय."

हिच्या तोंडचं पाणी पळालं. ती पायरीवर बसली.

"झाडात नाही गं बाई," ती म्हणाली. "गोळी मी घालते."

मी, लेक आणि प्रमुख बाई, तिघांचेही जबडे एकदम खाली आले.

"दवाखान्यातल्या नर्सबाई देतात," ही खाली मान घालून सांगू लागली. "गल्लीतल्या पुरुषांना दवाखान्याची गोळी नको. ह्यांचा काढा मात्र डोळे मिटून पितात. मग नर्सबाई त्यांचं रक्त तपासतात, कुणाला किती ते मला सांगतात, आणि मी कुटून पेल्यात घालते. किती वर्षं झाली त्याला."

"अगं, पण तपासणीच्या बाटलीत कशाला घातलीस?" मी विचारलं.

"तुम्ही गल्लीसमोर शब्द देऊन बसलात. नापास झाला असतात तर दिवसभर घरात बसला असतात. माझ्या डोक्याशी. म्हणून जरा सढळ हाताने घातली."

लेकीने कपाळाला हात लावला. करवतवाला करवत पाठीमागे लपवू लागला. बाई गाडीत जाऊन बसल्या, पण शास्त्रज्ञच त्या, काच खाली करून म्हणाल्या, "काका, नुसती साल द्या. तीही तपासते."

तिचाही निकाल आला.

"जंतू कसे आहेत?" मी फोनवर विचारलं.

"छान आहेत, बाबा. साध्या पाण्यातल्यापेक्षा जरा जास्तच वाढलेत."

शब्द तो शब्द. सकाळी दारात उभा राहून मीच काढा बंद झाल्याचं सांगू लागलो. पहिलीच आली एक शेजारीण, कुडकुडत्या नवऱ्याला धरून.

"माझ्या सालीत काही दम नाही," मी मान खाली घालून म्हणालो. "गुण गोळीचा होता."

नवरा कुडकुडायचा थांबला, इतका हादरला. बायको मात्र ढिम्म. "ते ठाऊक आहे हो. काकू आहेत ना घरात?"

म्हणजे गल्लीतल्या झाडून सगळ्या बायकांना ठाऊक होतं. हिवतापाच्या जंतूंनाही ठाऊक होतं. मलाच काय ते नव्हतं.

आता नर्सबाई आमच्याच ओसरीवर बसून उघडपणे गोळ्या देतात. गर्दी पूर्वीइतकीच असते आणि लोक मलाही विसरलेले नाहीत. गोळी गिळायला पाण्याचा पेला मीच भरून देतो. पाणी मात्र अगदी नैसर्गिक असतं.