भिंतीवरची डुलकी

मुद्देसाहेबांनी लिहिलेल्या कायद्यात पळवाट सापडणं शक्यच नव्हतं. असं कोण म्हणत होतं? स्वतः मुद्देसाहेब! कार्यालयात, जिन्यात, न्हाव्याच्या खुर्चीत, जो भेटेल त्याला ते हेच ऐकवत. न्हाव्याची तर पंचाईतच होई, कारण साहेबांची मान हलू द्यायची नाही आणि स्वतःची होकारार्थी हलवायची, अशी दोन्ही कामं त्यालाच करावी लागत.

त्यांचं खरं नाव वेगळं होतं. पण प्रत्येक वाक्याची सुरुवात "मुद्दा असा" अशी करायची खोड असल्यामुळे ते नाव आता फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. सांस्कृतिक खात्यात त्यांनी उभं आयुष्य काढलं. देशात कलाकारांच्या हक्कांचा नवा कायदा झाला तेव्हा सही मंत्र्यांची होती, भाषण मंत्र्यांचं होतं, टाळ्याही मंत्र्यांनाच मिळाल्या. मसुदा मात्र स्वल्पविरामासकट साहेबांचा!

"मुद्दा असा," ते शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सांगत, "की चित्र कागदावर असो, भिंतीवर असो, नाहीतर डब्याच्या झाकणावर! कलाकाराच्या परवानगीशिवाय ते पुसायचं नाही, झाकायचं नाही, कापायचं नाही, हलवायचं नाही."

"आणि भिंत दुसऱ्याची असली तर?"

"भिंत त्याची, चित्र कलाकाराचं!"

"कलाकारच म्हणाला, पुसा, तर?"

"तरी महिनाभर थांबायचं! कलाकार लहरी माणूस. रागाच्या भरात आपलंच काम पुसून बसतो, आणि नुकसान देशाचं होतं. त्याचाही बंदोबस्त केलाय मी."

सहकाऱ्याने मान डोलावली आणि जेवणाचा डबा उघडला. तो फारसं बोलत नसे, आणि त्याचं काही बिघडतही नसे.

आता या कायद्यासाठी नवं कलाहक्क कार्यालय निघणार होतं आणि त्याला प्रमुख हवा होता. साहेबांना ती खुर्ची हवी होती. हवी म्हणजे काय, स्वप्नात ते तिच्यावर बसून आलेही होते! आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडची भाषणं लिहिलेल्या माणसाला एकदा दारावर स्वतःचं नाव बघायचं होतं.

मोठ्या पदाला शोभेसं घर हवं, म्हणून त्यांनी बैठकीची खोली रंगवायला काढली. रंगवणार कोण? बायकोचा धाकटा भाऊ. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि फावल्या वेळात चित्रं काढायचा.

"मुद्दा असा," साहेबांनी त्याला बजावलं, "दारासमोरची भिंत शांत वाटली पाहिजे. दमून घरी आलो की बघताक्षणी झोप आली पाहिजे!"

"कळलं, भाऊजी," मेव्हणा म्हणाला. त्याचे डोळे चमकले. ते बघून साहेबांनी सावध व्हायला हवं होतं.

रंगाचा वास सोसत नाही म्हणून नवराबायको दोन दिवस थोरल्या मेव्हणीकडे राहायला गेले. परत येऊन साहेबांनी दार उघडलं, आणि त्यांना समोर साहेबच दिसले!

या टोकापासून त्या टोकापर्यंत साहेब! खुर्चीत रेललेले, अंगात बनियन, एका पायात मोजा आणि दुसरा बेपत्ता. पोटावर फाइल उघडी. मान एका बाजूला, तोंड असं उघडं की आत बल्ब लावला असता तर खोली उजळली असती! ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची बारीक रेघ निघाली होती आणि तिच्यावर उन्हाची तिरीप पडली होती.

"अगंबाई!" बायको म्हणाली. "हुबेहूब!"

"हुबेहूब काय? पुसा हे!"

"पुसा?" कोपऱ्यात कुंचले धूत बसलेला मेव्हणा दुखावला. "झोप येईल असं हवं म्हणालात ना? तुमच्याइतकं गाढ झोपलेलं मी कोणाला पाहिलं नाही, भाऊजी. आणि आता पुसता येणार नाही. कायदा आहे. चांगला आहे कायदा. तुम्हीच समजावून सांगितला होतात!"

साहेबांनी कपाट भिंतीकडे सरकवायला घेतलं.

"झाकणं!" मेव्हणा ओरडला.

"फक्त तोंडापुरतं!"

"तोंडातच तर सगळं आहे!"

मग साहेबांनी पडद्याची गोष्ट काढली. तेही झाकणंच. त्या भिंतीत नवी खिडकी पाडावी म्हटलं, तर ते कापणं. रात्री त्यांनी कायदा काढला आणि पळवाट शोधायला बसले. एकही सापडेना. हे लिहिणाऱ्याला त्यांनी मनातल्या मनात सणसणीत शिव्या घातल्या, आणि त्या कोणाला लागताहेत हे लक्षात आल्यावर निम्म्या परत घेतल्या.

दुसऱ्या दिवशी खात्याच्या सचिवबाईंनी त्यांना बोलावलं. प्रमुख कोण, हे ठरवणं बाईंच्याच हातात होतं.

"रविवारी दुपारी तुमच्या घरी येईन म्हणते," त्या म्हणाल्या. "एक गोष्ट डोळ्यांनी बघायची आहे. मग कार्यालयाचं जाहीर करून टाकू."

साहेबांनी लगेच अर्थ लावला. बाई घर बघणार! माणूस कसा राहतो, कसा वागतो हे बघणार! आणि दारातच त्यांना काय दिसणार? घसा, पडजीभ आणि लाळ!

रविवारी सकाळी ते मेव्हण्यासमोर बसले. आवाज चढवायचा, कलमं सांगायची, असं ठरवून आले होते. पण भलतंच झालं.

"अरे," ते हळूच म्हणाले, "ऑफिसात मला कोणी झोपलेलं पाहिलं नाहीये रे. तेवढीच माझी इज्जत आहे. आज पहिल्यांदा काहीतरी माझं स्वतःचं होतंय. मला लाज वाटते."

या बोलण्यात "मुद्दा असा" कुठेच नव्हतं. बायको कपड्यांच्या घड्या घालायची थांबली. मेव्हण्याने उठून भिंतीवरच्या मोज्यावरून बोट फिरवलं.

"पुसतो मी," तो म्हणाला. "तुमच्यासाठी पुसतो. पण भाऊजी, यापेक्षा चांगलं काम माझ्या हातून झालेलं नाही."

त्याने पांढऱ्या रंगाचा डबा उघडला. आधी मोजा गेला, मग फाइल, मग पोट. तोंडाला दोन हात द्यावे लागले. साहेबांनी त्याला चक्क मिठी मारली आणि स्वतःचा सदरा पांढरा करून घेतला.

बाई वेळेवर आल्या. बरोबर शेजारच्या टेबलावरचा सहकारी होता. त्याच्या हातात कॅमेरा होता.

"या, या!" साहेब म्हणाले. "हे आमचं साधंसुधं घर."

बाईंनी घराकडे बघितलंच नाही. त्या भिंतीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "कुठे आहे?"

"काय?"

"चित्र! नव्या कायद्याखाली आलेली पहिली नोंद! तुमच्या मेव्हण्याने फोटो पाठवला होता. तो बघून मी टेबलावर हात आपटला, म्हटलं, हे बघायलाच हवं! झोपेचं इतकं प्रेमळ चित्र मी पाहिलेलं नाही. आणि स्वतःची अशी छबी कायद्यासाठी दारात मिरवणारा माणूस! प्रमुख असाच हवा, हे मी तिथल्या तिथे ठरवलं."

खोलीत ताज्या रंगाचा वास होता. साहेबांनी मेव्हण्याकडे पाहिलं.

"तुम्हाला आनंदाचा धक्का द्यायचा होता," मेव्हणा पुटपुटला.

"पु... पुसलं," साहेब म्हणाले. "पण त्याच्या परवानगीने! त्यानेच पुसलं!"

"मुद्दा असा," शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला. आजवरचं त्याचं ते सर्वांत मोठं भाषण ठरलं. "की परवानगी असली, तरी महिनाभर थांबायचं. तुम्हीच बंदोबस्त केलाय."

तो नियम लिहिताना साहेबांना स्वतःचं किती कौतुक वाटलं होतं! भिंतीची काळजी करता करता तेवढाच नेमका डोक्यातून गेला होता.

पुढचं रीतसर झालं. कलाहक्क कार्यालय निघालं. प्रमुखाच्या दारावर शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचं नाव लागलं, आणि ती पाटी मेव्हण्याने सुबक रंगवून दिली. कार्यालयापुढे आलेलं पहिलं प्रकरण साहेबांचं होतं. निकालही त्यांच्याच कायद्यातून शब्दशः उचलला होता: घरमालकाने कलाकृती पूर्ववत करून द्यावी, आणि त्यासाठी लागेल ती सर्व मदत कलाकाराला करावी.

म्हणून साहेब आता रोज संध्याकाळी बनियन घालून, एक मोजा काढून, पोटावर फाइल घेऊन खुर्चीत बसतात. समोर मेव्हणा कुंचला घेऊन उभा असतो.

पहिले काही दिवस मोठीच अडचण झाली. साहेबांना झोपच येईना! डोळे मिटून त्यांनी तोंड उघडलं, तर मेव्हणा म्हणे, "नाटकी वाटतंय, भाऊजी. चित्रात खोटं चालणार नाही." बायकोने दिवे मंद केले, पाय चेपले, अंगाईसुद्धा म्हटली. छे! गेलेल्या खुर्चीच्या आठवणीने साहेब या खुर्चीत टक्क जागे!

शेवटी बायकोने त्यांचा कायदा आणून हातात दिला. "अहो, जरा वाचत तरी बसा."

दुसऱ्या पानावर साहेबांची मान कलली.