चौथा ठोका

माझ्या हाताला यश आहे. हे मलाच सांगावं लागतं, कारण दुसरं कुणी सांगत नाही. जमैकातल्या आमच्या पोर्टलँडच्या डोंगरात मी टॅक्सी चालवतो, पण कुणाची पन्हळ गळो, कुणाचं फाटक निखळो, हत्यारांची पेटी घेऊन मी हजर! शाळेची घंटासुद्धा मीच दुरुस्त केली. ती त्यानंतर वाजली नाही, पण तिचं वयच झालं होतं.

तर माझे सासरे ऑर्विल, आमच्याकडच्या आदरानं मास ऑर्विल, वारले आणि त्यांच्या नवव्या रात्रीला डुक्कर कोण भाजणार, असा प्रश्न निघाला. नवव्या रात्री सगळं गाव अंगणात जमतं, खातं, गातं आणि गेलेल्याला नीट निरोप देतं. निरोप दिला नाही तर माणूस गावातच घुटमळत राहतो. चाळीस वर्षं गावातल्या प्रत्येक नवव्या रात्रीचं डुक्कर खुद्द मास ऑर्विलनी भाजलं होतं, जमिनीवर निखारे, वर पिमेंटोच्या, म्हणजे आमच्या मसाल्याच्या झाडाच्या, ओल्या काठ्या, त्यावर मांस आणि झाकायला पत्रे. ड्रम कापून त्यात मांस भाजणाऱ्यांना ते माणसात धरत नसत. ड्रममध्ये पाणी ठेवतात, म्हणायचे.

आणि मलाही ते फारसं माणसात धरत नसत. एकोणीस वर्षांत त्यांनी मला एकदाही नावानं हाक मारली नाही. मुलीशी बोलताना ‘तुझा तो ड्रायव्हर’. त्यामुळे मी भर अंगणात उभा राहून जाहीर केलं, की डुक्कर मी भाजणार, आणि तेही मी स्वतः बनवलेल्या ड्रमवर. माझी बायको पर्लीन हिनं डोळे मिटून घेतले. मास ऑर्विल बघायला नव्हते याचं मला वाईटच वाटलं. निदान ते नाहीत, असं मी धरून चाललो होतो.

आता ड्रम हवा. तो मिळाला सासूबाईंच्या मागच्या दाराशी. माझ्या सासूबाई, मिस झेल्मा, त्या दिवसांत घर हलवत होत्या. गेलेला माणूस परत आला तर त्याला आपली खोली ओळखू येऊ नये, म्हणून आमच्याकडे सगळं फिरवून ठेवतात. पलंगाचं उशाकडचं पायथ्याला गेलं, आरसा भिंतीकडे तोंड करून बसला, सासऱ्यांची खुर्ची कोंबड्यांच्या खुराड्यात गेली. एकही वस्तू जागेवर ठेवू नका, असं सासूबाईंनी आम्हाला बजावलं होतं. कपाटं मीच उचलली. चौथ्या दिवशी त्या चर्चला गेलेल्या असताना मी पन्हळीखालचा पाण्याचा ड्रम बादलीनं उपसला, आडवा केला आणि तो गडगडत ओढ्यापलीकडे माझ्या अंगणात आणला. एका कामात दोन कामं झाली म्हणून मी खूश होतो. पर्लीनला सांगितलं, गॅरेजवाल्यानं दिला.

दिवसभर खपलो. ड्रम आडवा ठेवून वरचा तिसरा भाग झाकणासाठी कापला, जुन्या फाटकाच्या बिजागऱ्या लावल्या, सळयांचे पाय केले, गाडीच्या जुन्या नळीचं धुराडं चढवलं आणि बाहेरून काळा रंग दिला. एका बाजूला वाटीएवढा खोलगा होता, तो मागे जाईल असं बघितलं. काम इतकं झकास झालं की त्या ड्रमला त्याच्या आईनं ओळखलं नसतं!

पाचव्या दिवशी आतला जुना रंग जाळायला पहिला जाळ केला. दुपारी तीनला आमच्याकडे डोंगरावरून धुकं उतरतं आणि ओढा, केळी, रस्ता सगळं पुसून टाकतं. त्या पांढऱ्यात मी एकटा, आणि समोर तो काळा ड्रम, त्याला हवेसाठी पाडलेल्या दोन भोकांतून निखारे बघत होते.

टण्. टण्. टण्.

मी मागे पाहिलं. कुणी नाही. थोड्या वेळानं पुन्हा तीन, सावकाश, कुणीतरी काठीनं ठोकावं तसे. मग माझं डोकं चाललं. तापला की पत्रा फुगतो. ड्रमला दोन तोंडं आणि एक झाकण, म्हणून तीन ठोके! मी मोठ्यानं हसलो. धुक्यात ते हसू बरोबर वाटलं नाही, म्हणून थांबवलं.

सहाव्या दिवशी सकाळी पर्लीन आईकडून आली ती पांढरीफटक पडून. म्हणाली, पप्पांचा ड्रम गेला. भरलेला ड्रम, दोन गड्यांना हलत नाही, आणि तो नाहीसा झाला. आणि काल धुक्यात ओढ्याच्या अंगानं ठोके ऐकू आले. पप्पा ड्रम घेऊन फिरताहेत.

मी सांगायला तोंड उघडलं होतं, देवाशपथ! पण ती पुढे म्हणाली, दुसऱ्या कुणी नेला असेल तर त्याचं काही खरं नाही, नऊ दिवसांच्या आत मेलेल्याची वस्तू पळवली की तो हात वाळतो. मी उघडलेल्या तोंडात पावाचा तुकडा घातला आणि उजवा हात खिशात.

मग मास एनॉस आले. गावातल्या सगळ्या कबरी त्यांनी खणलेल्या, त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी एकच विचारलं, ठोके किती? तीन, असं कळल्यावर त्यांनी टोपी काढली. आमच्याकडे पोरंटोरंही जाणतात, की डपीला, म्हणजे मेलेल्याच्या भुताला, तीनच्या पुढे मोजता येत नाही. म्हणून तर उंबऱ्यावर वाटाणे टाकतात. तीन मोजतो, अडतो, पुन्हा पहिल्यापासून, असं उजाडेपर्यंत. तीन ठोकून थांबतो आणि पुन्हा तीन ठोकतो, म्हणजे ऑर्विलच, असा निकाल त्यांनी दिला.

सातव्या दिवशी मी परत जाळ केला. मला फक्त चौथा ठोका हवा होता. एकदा चार झाले की पत्रा तो पत्रा! बिजागऱ्या सैल केल्या, झाकणावर दगड ठेवला, ओलं पोतं टाकलं. टण्, टण्, टण्. मी श्वास रोखून बसलो. चौथा आला नाही. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या पाठीवरून गार काहीतरी सरकलं, आणि मी हात खिशातून काढून पाहिला. वाळला नव्हता. परत खिशात घातला.

इकडे मिस झेल्मांनी जेवण टाकलं. मागच्या दारात, जिथं ड्रमचा ओला गोल राहिला होता तिथं बघत बसायच्या. त्यांनी पर्लीनला सांगितलं, की गाव जमू दे, पण मी गाणार नाही आणि निरोपही देणार नाही. ज्या माणसाला अजून आपला ड्रम लागतो, तो जायला तयार झालेला नाही. आणि त्यांनी निरोप दिला नाही तर मास ऑर्विल कायमचे इथंच. हे सगळं माझ्यामुळे. मला रात्री झोप लागेना. मी ठरवलं, आधी डुक्कर फक्कड भाजायचं, सगळ्यांची पोटं भरली की हळूच सांगायचं. भरल्या पोटी माणूस कमी मारतो.

नवव्या दिवशी दुपारी ड्रम त्यांच्या अंगणात नेला. मिरच्या, पिमेंटो आणि आलं चोळलेलं डुक्कर आत पसरलं, झाकण लावलं. ऐंशी माणसं जमली. डॉमिनोच्या सोंगट्या आपटत होत्या, रम फिरत होती, चुलीवर बकऱ्याच्या सुपाचं पातेलं खदखदत होतं. तीन वाजले. धुकं उतरलं.

टण्. टण्. टण्.

डॉमिनो थांबले. धुक्यात माणसं दिसेनात, फक्त श्वास ऐकू येत होते. मास एनॉस बोटं मोजत होते. तीन बोटं वर आणि चौथं अर्धवट.

मागचं दार उघडलं. मिस झेल्मा सरळ ड्रमकडे आल्या, त्याच्या मागे गेल्या आणि वाकल्या. त्यांनी त्या खोलग्याजवळ बोट नेलं.

“हा ऑर्विलच्या काठीचा खोलगा आहे,” त्या म्हणाल्या.

मी सगळं कबूल केलं. ऐंशी माणसांसमोर, डोकं खाली घालून. म्हणालो, सगळंच हलवायचं होतं ना, मला वाटलं हाही. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“सगळं हलवलं, ग्लेनरॉय. हा एक मी ठेवला होता. आला तर काहीतरी ओळखीचं दिसू दे त्याला, म्हणून.”

मग त्यांनी सांगितलं. रोज दुपारी मळ्यातून आले की मास ऑर्विल काठीनं या ड्रमवर तीन ठोके मारायचे. आतून मिस झेल्मा पळीनं खिडकीच्या चौकटीवर एक ठोका द्यायच्या. म्हणजे चहा टाकलाय, ये. चाळीस वर्षं. ड्रमनं पुन्हा तीन ठोके दिले.

“इतके दिवस ठोकतोय बिचारा,” त्या म्हणाल्या. “आणि घरातून कुणी ओ देत नाहीये.”

त्यांनी सुपाची मोठी पळी घेतली, खिडकीपाशी गेल्या आणि चौकटीवर एकदा मारली. ठक. बऱ्याच वेळानं ड्रम वाजला, तीनदा. त्यांनी एकदा. आणखी बऱ्याच वेळानं, अगदी हलके, तीन. त्यांनी एकदा. मग काहीच वाजलं नाही. आम्ही धुकं विरळ होईपर्यंत उभे होतो.

“गेला,” मिस झेल्मा म्हणाल्या, आणि त्यांनी गाणं धरलं. ऐंशी गळे त्यांच्या मागे लागले. मी रडलो. लपवत नाही. मला रडवणं सासऱ्यांना जिवंतपणी जमलं नाही, ते त्या दिवशी जमलं.

गाणं चालू असताना मी सवयीनं झाकण उचललं. जाळ विझला होता! तास-दीड तास सगळे धुक्यात कान लावून उभे, लाकूड टाकलं कुणी? डुक्कर आत गुलाबी, कच्चं पडलं होतं, आणि माझ्या खिशात काडेपेटी.

मी काडी बाहेर काढलीसुद्धा. मग मिस झेल्मांकडे पाहिलं. ड्रम गेल्यापासून पहिल्यांदा त्यांनी पावाचा तुकडा तोंडात घातला होता. काडी ओढली की पत्रा तापणार, आणि पत्रा तापला की... मी काडी परत पेटीत ठेवली.

पर्लीन जवळ आली. डुक्कर झालं का, तिनं विचारलं. कच्चं आहे, म्हणालो. पेटव ना मग, ती म्हणाली, आणि माझी नजर कुठं आहे ते तिनं पाहिलं. क्षणभर तिनं माझा वाळायचा राहिलेला हात धरला. मग वळून सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं ओरडली, “ग्लेनरॉयनं डुक्कर कच्चं ठेवलं!”

लोक सुपावर आणि तळलेल्या मासळीवर जेवले. हसून हसून मास एनॉसना ठसका लागला. आजही पोर्टलँडमध्ये कुणी टॅक्सीत बसलं की आधी विचारतं, आज नीट पोचवणार की कच्चं?

महिन्याभरानं मी तो ड्रम खाली नदीवर नेला, गावाला आवाज जाणार नाही इतका लांब. तीच लाकडं, तेच झाकण, दुपारचे तीन, वर धुकं. तो वाजला तर उत्तर द्यायला हातात चिमटा घेऊन बसलो. एक तास झाला. दोन झाले. पत्रा लालबुंद झाला, मांस सुरेख भाजलं.

एकही ठोका आला नाही. पुढेही कधी आला नाही. लोखंड सरावलं असणार, असं मी स्वतःला समजावतो, आणि चिमटा मात्र जवळ ठेवतो.

म्हणजे त्या दिवशी मी खुशाल काडी ओढली असती तरी चाललं असतं.