जावईबापूंचा क्रॉसबो

कमी बजेटमध्ये उत्तम माल निवडावा तर मीच! असं मी म्हणतो आणि सुचेता, माझी बायको, त्यावर काही बोलत नाही. तेव्हा ती बहुधा दुसऱ्या खोलीत असते.

यंदा दसऱ्याला माझे सासरे, आप्पा, कोल्हापूरहून आमच्याकडे इंग्लंडमध्ये, स्लाऊला आले होते. गेल्या वर्षी त्यांनी आमची शस्त्रपूजा व्हिडिओ कॉलवर पाहिली होती. पाटावर स्क्रूड्रायव्हर, दोन लॅपटॉप आणि पिझ्झा कापायचं चाक!

"जावईबापू, ह्यात शस्त्र कुठलं ओ?" आप्पांनी विचारलं होतं.

तो प्रश्न मला वर्षभर चावत होता. यंदा आप्पांच्या तोंडून कौतुकाचा एक तरी शब्द काढायचाच, असा चंगच मी बांधला!

म्हणून क्रॉसबो, म्हणजे चाप ओढून बाण सोडायचं आडवं धनुष्य! शिकारीचा, दणकट आणि खिशाला परवडणारा. मी इतके रिव्ह्यू वाचले, की मी नोकरी बदलतोय असं सुचेताला वाटलं. दुकानातल्या गोऱ्या आजोबांनी आधीच बजावलं, "हंटिंग? नॉट इन धिस कंट्री, सर! ओन्ली टार्गेट!" मग मी दुर्बीण, जंगली रंग वगैरे नखरे बाजूला सारले. धनुष्याच्या पात्यांना चिरा नाहीत, दोरी विरलेली नाही, चाप अडवणारा सेफ्टी कॅच आपोआप लागतो, एवढं बघून एक सेकंडहँड पीस उचलला. निघताना आजोबांनी समजावलं, की एकदा दोरी ताणली की बाण मारूनच ती मोकळी करायची. बाणाशिवाय चाप ओढला तर क्रॉसबो मोडतो. मी जाणकारासारखी मान डोलावली.

दसऱ्याच्या सकाळी, जरा रुबाब दिसावा म्हणून मी दोरी ताणली, बाण बसवला आणि क्रॉसबो पाटावर ठेवला. पूजा झाली की बागेतल्या टार्गेटवर बाण मारायचा, असा बेत होता. आप्पांचे डोळे चमकले.

"शस्त्राचं तोंड पूर्वेला पायजे," म्हणत त्यांनी पाट फिरवला.

आमची पूर्व म्हणजे पुढचं दार! मग हळद, कुंकू, झेंडूची फुलं आणि मूठभर ओल्या अक्षता, नेमक्या चापावर!

"आप्पा, मी आता हा जरा बागेत..."

"हात लावायचा नाही! पुजलेलं शस्त्र उद्या उत्तरपूजेपर्यंत हलवत नसतात."

"पण तो भरलेला आहे!"

"मग? रिकाम्या शस्त्राची पूजा करतात व्हय?"



संध्याकाळी लोक सोनं द्यायला येणार होते. 'प्लीज मागच्या दाराने या,' असा मेसेज सुचेताने सगळ्यांना टाकला. आमचे मित्र पुष्कर आणि ऋजुता मेसेज न वाचताच पुढच्या दारात हजर! मी रांगत गेलो आणि दारातल्या लेटरबॉक्सच्या फटीतून ओरडलो, "आडवे व्हा!"

"आर यू सीरियस? मी पैठणी नेसलेय!" ऋजुता बाहेरून किंचाळली.

"पैठणीसकट हो!"

दोघं सोन्याची कागदी पानं दातांत धरून कोपरांवर सरकत आत आले.

"सेफ्टी लावलीय ना रे?" पुष्करने जमिनीवरूनच विचारलं.

"लावलीय! पण तू उठू नकोस!"

आप्पा अगदी सद्गदित झाले. "काय भक्ती ओ! आमच्याकडं लोक नुसतं वाकतात. हितं तर लोटांगणच घालतात!"

मला इतका आनंद झाला! आता फक्त लोकांचं संपून माझं कौतुक सुरू व्हायचं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली आणि मी क्रॉसबो घेऊन ऐटीत बागेत गेलो. आप्पा खुर्ची टाकून बसले. मी टार्गेटवर नेम धरला, सेफ्टी काढली, डोळे गच्च मिटले आणि चाप ओढला. ढिम्म! पुन्हा ओढला. तरी ढिम्म! अक्षता आत शिरून अडकल्या होत्या.

"दे इकडे," सुचेता म्हणाली. "डोळे मिटून कोण नेम धरतं?"

तिने सेफ्टी लावली, केसांतल्या पिनेने तांदूळ कोरून काढले, क्रॉसबो खांद्याला लावला, सेफ्टी काढली आणि फट्! बाण टार्गेटच्या मधोमध!

आप्पांनी मांडीवर थाप मारली. "बघितलंत का जावईबापू? पोरगी कुणाची!"

मीही टाळ्या वाजवल्या. हिरवळीवर पालथं पडून जमतील तेवढ्या.