चिमाजीची हिरवळ आणि पाहणी समिती

एका जंगलात, मुलांनो, कोणीतरी दुसऱ्याच्या अंगणातली हिरवळ खात होतं. नाव घेत नाही. ज्यांची तोंडं हिरवी आहेत त्यांनी ती पुसून पुढे ऐकावं.

अंगण चिमाजी सशाचं होतं. हिरवळ विरळ, मध्येमध्ये टक्कल. दिसायला वाईट, हे त्याचं दुःख नव्हतंच. बिळात पिल्लं होती आणि वर घार फिरत होती. टकलावर आलेलं पिल्लू तिला लांबूनही दिसायचं.

चिमाजीने माती भुसभुशीत केली, हरळी लावली, ओढ्याचं पाणी घातलं. स्वतः चरायला टेकडीपलीकडे जाऊ लागला. कोवळे कोंब आले. आता जाणकारांचा सल्लाही घ्यावा, म्हणून त्याने जंगल पंचायतीला साकडं घातलं.

त्याची बायको सगुणा म्हणाली, "अहो, पंचायतीत सगळे गवत खाणारेच आहेत."

"म्हणून तर! गवतातलं त्यांच्याइतकं कोणाला कळतं?"

पंचायतीने लगेच पाहणी समिती नेमली. अध्यक्ष गवा, सदस्य सांबर आणि मेंढी. समितीने माना खाली घालून बारकाईने पाहणी केली. प्रत्येकाने नमुना घेतला. तो अपुरा पडला म्हणून पुन्हा घेतला. मग सावलीत बसून विषयावर सावकाश रवंथ केला.

संध्याकाळी अंगणात नुसती माती होती.

हिरवळ सुधारली का, असं चिमाजीने भीतभीत विचारलं.

"ससेभाऊ, तुमची तक्रार टकलांची होती ना?" गवा म्हणाला. "आता बघा. सगळं एकसारखं."

पिल्लांना बिळाबाहेर यायची चोरी झाली. चिमाजीने हात टेकले आणि माती तशीच सोडून दिली.

सोडलेल्या मातीत गाजरगवत उगवलं. कोणी न लावता, दाट, कडू, अंगाला खाज आणणारं. समितीने हुंगून नाक मुरडलं. पिल्लं त्याखाली लपंडाव खेळू लागली. घार दोन चकरा मारून दुसऱ्या रानात निघून गेली.

पंचायतीने अंगणात फलक लावला: 'समितीच्या मार्गदर्शनाने फुललेली आदर्श हिरवळ'. चिमाजीने त्याला हार घातला. फलकामागे आणखी एक पिल्लू मावतं, हे त्याने पाहून ठेवलं होतं.

तात्पर्य: मुलांनो, हिरवळ कधी मन लावून वाढवू नये. कोणाच्याच तोंडाला रुचणार नाही अशी वाढू द्यावी. मग श्रेय घ्यायला सगळे येतात, खायला कोणी येत नाही.

"कडू आहे खरं," मेंढी म्हणाली, "पण अजून उपसमिती कुठे नेमलीय?"