शेवटचा धडा न वाचणारे आप्पा

"आमच्या तुरुंगातल्यांचं वजन लई उतरलंय," असं मुरलीआप्पा एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, आणि टपरीवाले युसूफभाई हातातलं गाळणं तसंच धरून थांबले.

"कुठं हायेत? येरवड्याला?"

"न्हाई, लई लांब. जेवणाचे हाल हायेत. घरच्यांना भेटू देत न्हाईत."

युसूफभाई मायाळू माणूस. त्यांचा साडू शिरूरला एका वकिलाकडे काम करतो. त्यांनी तिथल्या तिथं त्याला फोन लावला. जामिनाचं बघ म्हणाले. पलीकडून कलम विचारलं गेलं, तेव्हा फोन आप्पांच्या हातात दिला. आप्पांनी घसा खाकरून सांगितलं, "राजद्रोह." साडूनं फोन ठेवून दिला.

हे तुरुंगातले म्हणजे आप्पांच्या हातातल्या चरित्रातले पुढारी. ते सुटून, म्हातारे होऊन, वारून कैक वर्षं झाली होती. टपरीला लागूनच चौकात त्यांचा पुतळा आहे. त्याच्याच सावलीत उभं राहून आप्पा त्यांच्या जेवणाची काळजी करत होते.

मी दौंडमधलं एक छोटं वाचनालय सांभाळते. माझा स्वभाव जरा कडूच आहे. पुस्तकाचं पान कुणी दुमडलं तरी मी चारचौघांत बोलते. अशा माझ्या नशिबी हे आप्पा आले. मालगाडीवर गार्ड होते. सगळी नोकरी गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून झाली. रिटायर झाल्यावर चरित्रं वाचायला लागले, आणि चरित्रांशिवाय दुसरं काही वाचत नसत. पुढारी, लेखक, चित्रकार, नट, जो मोठा होऊन गेला तो आप्पांना चाले. मात्र नाव कुणाचंच घ्यायचे नाहीत. "एवढ्या मोठ्या माणसांचं नाव तोंडात घ्यायचं व्हय, बाई?" असं मलाच विचारायचे. म्हणून सगळ्यांना टोपणनावं होती. तुरुंगातले, रंगवाले, नाटकवाले, दमेकरी. मीही इथं आप्पांचीच रीत पाळते आहे.

पण त्यांची खरी खोड वेगळी होती. चरित्राचा शेवटचा धडा ते वाचत नसत. माणूस आजारी पडला, डॉक्टर ये-जा करू लागले, की आप्पा पुस्तक बंद करत. नुसतं बंद करून थांबते तरी चाललं असतं. ते शेवटच्या सगळ्या पानांना मिळून केसांत खोचायचे काळे आकडे लावत, दोन वर आणि एक खाली. चुकूनसुद्धा उघडायला नको.

त्यामुळे त्यांच्या लेखी कुणी मेलंच नव्हतं. दमेकरी कोकणात हवापालटाला गेलेले असत. रंगवाले अंथरुणावर असत, पण उठले की मोठं चित्र हाती घेणार असत. पुस्तक परत आलं की मी आकडे उपसून काढायची, कपाटाच्या खणातल्या डब्यात टाकायची आणि आप्पांना झापायची. आमचे एक जुने वाचक, रिटायर हेडमास्तर, त्यांच्या बोटात एकदा आकडा रुतला. ते बोट वर धरून माझ्या टेबलाशी आले आणि वाचनालय आहे की न्हाव्याचं दुकान, असं विचारून गेले.

त्या दिवशी मी आप्पांना धरलंच. "हे काय खूळ आहे?"

"माझं न्हाई, बाई. हिच्यासाठी." ही म्हणजे गजरामावशी, त्यांची बायको. माहेर केंदूरचं, अक्षरओळख नाही. दुपारी ती ज्वारी निवडत बसे आणि आप्पा मोठ्यानं वाचून दाखवत. "पयल्या पुस्तकात मानूस गेला, तर दोन दिवस जेवली न्हाई. म्हनलं, असलं वाचायचंच कशाला?"

मग मी बोलायचं कमी केलं. आकडे मात्र काढतच राहिले.

गेल्या हिवाळ्यात आप्पांनी एकच पुस्तक महिनाभर ठेवलं. विचारलं तर म्हणाले, "हिला जरा बरं न्हाई." मग पुण्याला नेऊन आणलं म्हणाले. मग म्हणाले, "पुढल्या महिन्यात हिंडाय लागंल." त्यांच्या शेजारणीकडून मला खरं कळलं. पुण्याच्या डॉक्टरांनी हात टेकले होते, घरी न्या म्हणून सांगितलं होतं.

आणि हा माणूस सकाळी वाचनालय उघडायच्या आधी पायरीवर हजर! संध्याकाळी कुलूप लावेपर्यंत हलायचा नाही. समोर पेपर धरायचा आणि पान उलटायचा नाही. मला भयंकर राग आला. चौथ्या दिवशी मी पेपर ओढून घेतला.

"आप्पा, घरी जा. तिथं कोण आहे त्यांच्याजवळ?"

"शेजारीन हाय."

"आणि तुम्ही?"

आप्पांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "आई गेली तवा मी लाईनवर होतो. गार्डाला गाडी मधीच सोडता येत न्हाई. थोरला भाऊ गेला तवा बी लाईनवरच. त्या येळंला मी ड्युटी मागून घेतली हुती, बाई. मला बसवत न्हाई तिथं." त्यांनी कपाटाकडे बोट केलं. "त्या पुस्तकांत शेवटच्या धड्याला आसंल न्हवं? उशाशी बसल्याल्या मानसानं काय करायचं असतं? तेवढं बघून सांगा मला."

त्या दुपारी मी आठ-नऊ चरित्रांचे शेवटचे धडे वाचून काढले. बाजार बंद झाले होते. चौकाचौकांत माणसं रडत होती. कोण कुठून निघालं, कोण वेळेत पोचलं, कुणी खांदा दिला, सगळं तपशिलानं होतं. उशाशी बसलेल्या बाईचं मात्र अर्ध्या वाक्यात आटोपलं होतं. 'पत्नी अखेरपर्यंत जवळ होत्या.' काय करत होत्या, काय बोलत होत्या, कुणीच लिहिलं नव्हतं. एवढी जाड पुस्तकं, आणि आप्पांना हवं ते एकातही नव्हतं. फक्त रंगवाल्यांच्या चरित्रात सापडलं की त्यांची बायको ओल्या कापसानं त्यांचे ओठ पुसत होती. तेवढं घेऊन मी दुसऱ्या दिवशी आप्पांच्या घरी गेले.

घर रुळांजवळच आहे. मावशी खाटेवर होत्या. हात काडीसारखे झालेले, केस मोकळे. मला बघून आप्पा लगेच चहा टाकायला आत पळाले.

"बगितलं?" मावशी म्हणाल्या. "आसं दिवसभर. सारखा चा."

"मावशी, ते रंगवाले..." मी काहीतरी बोलायचं म्हणून सुरुवात केली.

"मेलं की ते कवाच," मावशी शांतपणे म्हणाल्या. "सगळीच मेल्यात. दरसाल चौकात फोटोला हार घालत्यात, माईक लावून भाषनं करत्यात. मला काय ऐकू येत न्हाई व्हय?"

"मग तुम्ही आप्पांना कधी..."

"त्यांना झेपत न्हाई, बाई. पयल्या पुस्तकाला ताट त्यांनीच सारलं हुतं. दोन दिवस जेवलं न्हाईत. मग मला तरी घास कसा जावा? मी आपलं म्हनलं, मला ऐकवत न्हाई, शेवट वाचू नका. तवाधरनं चाललंय."

आप्पा कप घेऊन आले. मावशींनी मान वळवली. "अवं, आज त्यो शेवटचा धडा वाचा."

"कशाला आता? बरं वाटलं की वाचू."

"गाडी समदी आली आसं कवा धरत्यात?"

आप्पा हातातले कप सावरू लागले.

"सांगा की. जलमभर मला सांगितलंय."

"शेवटचा डबा दिसला की," आप्पा म्हणाले. "त्यावरची पाटी बघितल्याबिगर टेशनमास्तर लाईन मोकळी देत न्हाई."

"मग माझी गाडी काय मधीच हुबी ऱ्हानार हाय? बसा हितं."

आप्पांनी कप खाली ठेवले. फळीवरचं, महिन्याभरापासून घरीच असलेलं पुस्तक काढलं. एकेक आकडा काढून त्यांनी मावशींच्या उशाशी ठेवला आणि खाटेच्या कडेला बसले. त्यांनी शेवटचा धडा उघडला. मी त्यांना कापसाचं सांगितलं आणि बाहेर पडले. रस्त्यात मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

तीन आठवड्यांनी आप्पा पुस्तक परत द्यायला आले. पुस्तकाला एकही आकडा नव्हता.

"गेली," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. "मी होतो. ओठ पुसलं. केस विंचरलं. आजून काय करत्यात ते म्हाईत न्हवतं, म्हनून हात धरून बसलो."

मी खणातला डबा काढून त्यांच्यापुढे ठेवला. आप्पांनी झाकण उघडलं आणि आतल्या आकड्यांत बोट फिरवलं.

"ही रोज केसांचं आकडं शोधायची. मी म्हनायचो, मांजर नेतंय." त्यांनी एक आकडा शर्टाच्या खिशात टाकला आणि डबा माझ्याकडे सरकवला. "त्या पुस्तकांत उशाशी बसल्यात न्हवं त्या बाया? जिथं बसल्यात, त्या पानाला लावा ह्ये."

आता सगळ्या चरित्रांत आकडे आहेत. मी स्वतः लावलेत, एकेका अर्ध्या वाक्याशी. परवा हेडमास्तर पुन्हा बोट वर धरून आले. मी त्यांना म्हटलं, "असू द्या गुरुजी, पान उघडून बघा." ते तिथंच उभे राहून वाचू लागले.