पाच मतांची नगरसेविका

मतदान या विषयात मला कोणी फसवू शकत नाही, असं मी त्या ऑगस्टपर्यंत छातीठोकपणे सांगत असे. अकरा वर्षं मी राज्यशास्त्र शिकवते. लोक मत का देतात, का देत नाहीत, आणि दिल्यावर नेमकं कुणाचं ऐकलं जातं, हाच माझा उद्योग. म्हणून वर्षभराची रजा घेऊन मी अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या हार्पर्स बेंड या गावी राहायला निघाले तेव्हा विभागप्रमुखांना सांगून टाकलं, "नाताळपर्यंत लेख तुमच्या टेबलावर."

गावात चार वॉर्ड. प्रत्येकात चौदाशेच्या आसपास माणसं, म्हणजे कागदावर सगळं कसं समसमान. चौथ्या वॉर्डात तेराशे अडुसष्ट. त्यातले तेराशे दहा जण तुरुंगाच्या भिंतीआड. जनगणनेला ते गावचे रहिवासी, मतदानाला मात्र कुणीच नाहीत. उरले अठ्ठावन्न, पाळण्यातली दोन बाळं धरून. नगरपालिकेत या अठ्ठावन्न जणांना एक खुर्ची आणि पलीकडच्या वॉर्डातल्या चौदाशेंनाही एकच. आता सांगा, माणसाचं डोकं फिरणार नाही तर काय होणार?

त्या खुर्चीवर तेव्हा रस डायकेमा नावाचे गृहस्थ होते. घरोघरी गॅसच्या टाक्या भरून द्यायचा त्यांचा धंदा. गेल्या निवडणुकीत त्यांना किती मतं पडली, असं मी विचारलं.

"दोन," ते म्हणाले. "एक माझ्या भावाचं. दुसरं कुणाचं, ते अजून कळलं नाही."

"आणि तुमचं स्वतःचं?"

"मी मासे धरायला गेलो होतो."

मी संतापाने वहीचं पान फाडलं. रसनी ते शांतपणे उचलून माझ्या हातात दिलं आणि यंदा आपण उभे राहणार नाही, हेही सांगितलं. दुसरंही कोणी उभं नव्हतं. मतपत्रिकेवर नुसती रिकामी रेघ असणार होती, मतदाराने हवं ते नाव लिहायला.

मी राहत होते त्याच वॉर्डात, विल्मा झेलेंका या बाईंच्या माडीवर. वय शहात्तर, खिडकीतून समोर तुरुंगाची भिंत, आणि ओव्हनमध्ये कायम 'कोलाची', म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव. "विल्माबाई, तुम्ही कधी मत दिलंय?" मी विचारलं.

"दिलं असतं गं. पण कुणाला द्यायचं, ते तरी कुणी सांगितलं पाहिजे ना?"

आता खरं तर संशोधकाने बघायचं, मध्ये पडायचं नाही. पण राग अनावर झाला. प्रश्नावली घेऊन मी दारोदार जात होतेच, तिथे प्रत्येक घरी सांगत सुटले, "अहो, रेघ रिकामी आहे. कुणाचंही नाव लिहा, पण मंगळवारी जा आणि मत द्या." आणि काही शंका आली तर असावं म्हणून माझं नाव छापलेलं कार्डही ठेवून आले. मतदानावर संशोधन करणाऱ्या बाईने मत चुकवणं बरं दिसत नाही, म्हणून मीही गावच्या मतदारयादीत नाव घातलं होतं. मंगळवारी जाऊन मी रेघेवर लिहिलं, 'विल्मा झेलेंका'.

बुधवारी सकाळी नगरपालिकेचे कारकून डेल ऑस्टरहाऊस यांचा फोन आला. "अभिनंदन, प्रोफेसरबाई."

"कशाबद्दल?"

"निवडून आलात. पाच मतं. विल्माला एक पडलं."

मी पायऱ्या उतरून थेट स्वयंपाकघरात. "विल्माबाई, तुम्ही कुणाचं नाव लिहिलंत?"

"तुझं. कुणाचंही लिहा, म्हणालीस ना? फ्रिजवर तुझंच कार्ड लावलेलं होतं. स्पेलिंग आयतं मिळालं."

"अहो, पण मी या अन्यायाचा अभ्यास करायला आलेय. मीच तो अन्याय झाले की."

"आधी खाऊन घे," विल्माबाई म्हणाल्या.

मी तडक नगरपालिकेत गेले. डेल सभ्य माणूस, पण नियमाला सोडून पापणीही न हलवणारा. "राजीनामा द्यायचाय? जरूर द्या," ते म्हणाले. "पण राजीनामा सदस्याला देता येतो. तुम्ही अजून सदस्य नाही. आधी शपथ घ्या."

"मला शपथ घ्यायची नाही, म्हणून तर राजीनामा देतेय."

"तेच सांगतोय. शपथेशिवाय राजीनामा नाही."

जानेवारीत मी शपथ घेतली. राजीनाम्याचा कागद पर्समध्येच होता. त्याच आठवड्यात लेख परत आला. ज्या घटनेवर लेख आहे ती घटना लेखिकेनेच घडवून आणलेली दिसते, असा संपादकांचा शेरा होता. विभागप्रमुखांनी फोनवर एवढंच विचारलं, "लॉर्ना, तू अभ्यासालाच गेली होतीस ना?"

मी राजीनामा द्यायला निघाले आणि त्याच दिवशी तुरुंगातून पत्र आलं. पाठवणाऱ्याचं नाव ऑटिस ब्रॉडनॅक्स. अक्षर शाळेतल्या वहीसारखं गोल.

'वर्तमानपत्रात वाचलं की तुम्ही आमच्या नगरसेविका. आम्हाला नगरसेविका असते हे माहीत नव्हतं. माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. महिन्यातून एकदा बसने येते. थांब्यापासून फाटक दीड मैल. त्या रस्त्याला फुटपाथ नाही, ती बर्फातून, ट्रकच्या बाजूने चालत येते. रस्ता तुमच्या वॉर्डात आहे. काही करता येईल का?'

मी ते पत्र दोनदा वाचलं. राजीनामा पर्समध्येच राहिला.

पुढच्या सभेत मी फुटपाथचा ठराव मांडला. दुसऱ्या वॉर्डाचे सदस्य म्हणाले, "तिथे चालतंय कोण?"

"भेटीला येणारी माणसं. आया, बायका, मुलं."

"ती काय आपले मतदार आहेत?"

त्यावर मी जी सुटले, ती वीस मिनिटं थांबले नाही. "या तेराशे दहा माणसांना मोजूनच हा वॉर्ड झालाय. मोजताना ती तुमची, आणि चालताना कुणाची? त्यांच्या डोक्यांवर खुर्च्या मांडल्यात, निदान त्यांच्या आयांना पाय ठेवायला जागा तरी द्या." मग हा वॉर्डच मोडून सगळ्या हद्दी नव्याने आखाव्यात, असाही ठराव मी त्याच दमात मांडला. तो तीन विरुद्ध एक असा पडला, कारण हद्दी बदलल्या की त्यांच्याही खुर्च्या हलणार होत्या. फुटपाथवर मात्र दोन-दोन झाले. नगराध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं आणि माझ्या बाजूने मत दिलं. मी पुन्हा बोलायला उभी राहीन अशी त्यांना भीती वाटली, असं डेल नंतर म्हणाले.

सप्टेंबरात फुटपाथ झाला. रजा संपली होती, तरी मी विल्माबाईंकडेच राहून रोज चाळीस मैल कॉलेजला ये-जा करत होते. एका शनिवारी ऑटिसची आई त्या फुटपाथवर भेटली. डोक्याला लोकरी टोपी, हातात पिशवी. मी ओळख करून दिली. तिने माझा हात बराच वेळ धरून ठेवला. मग खाली बघून म्हणाली, "चांगला केलात. थोडा अरुंद झालाय."

वॉर्ड मात्र पेटला होता. फुटपाथपायी ग्लेन प्रोबास्को यांचं कुंपणाचं झुडूप चार फूट मागे गेलं होतं, आणि पुढल्या निवडणुकीत ते माझ्याविरुद्ध उभे राहिले. आयुष्यभर मी ज्या मतदानाची वाट पाहिली, ते चौथ्या वॉर्डात त्या दिवशी झालं. तब्बल सत्तावीस जण आले. रांग लागली. रस डायकेमा मासे सोडून आले.

ग्लेनना चौदा, मला तेरा.

अकरा वर्षं एकेका मताचं मोल शिकवणाऱ्या मी फेरमोजणी मागितली. डेलनी टेबलावर सत्तावीस चिठ्ठ्या मांडल्या, दोनदा मोजल्या, आणि माझ्या एका मतावर खूण चुकीच्या जागी असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. चौदा विरुद्ध बारा.

घरी येऊन मी विल्माबाईंना सांगितलं, "हा निकाल मला मान्य नाही. त्या तेराशे दहा जणांना मत असतं, तर मी हजाराच्या फरकाने निवडून आले असते." आणि हेच, जरा वाढवून, मी ऑटिसला लिहून कळवलं.

आठवड्याने त्याचं उत्तर आलं. 'बाई, तुमचं पत्र मिळाल्यावर आमच्या ब्लॉकमध्ये आम्ही आपल्यापुरतं मतदान घेतलं. शंभरातल्या शहाण्णव जणांनी मत दिलं. मी तुम्हालाच दिलं. पण तुम्ही हरलात. फुटपाथबद्दल सगळेच आभारी आहेत, पण पोरांचं म्हणणं पडलं की बाई फार रागावतात.'

मी? रागावते? हा आरोप कुठल्या पुराव्यावर केला, याचा खुलासा मागणारं पत्र मी त्याच बैठकीत लिहायला घेतलं. सध्या नववं पान चालू आहे.